तांबड्या मुंग्यांची चटणी: घरट्यातून काय घ्यायचं, काय ठेवायचं

उन्हाळ्यात छत्तीसगडमधल्या बस्तरच्या आठवडी बाजारात पानांच्या दोन्यांतून तांबडा-पांढरा ढीग विकायला येतो. तांबड्या त्या मुंग्या, पांढरी त्यांची पिल्लावळ. बस्तरात याला चापडा म्हणतात, ओडिशाच्या मयूरभंज जिल्ह्यात काई. आपल्याकडे गडचिरोलीत, भामरागडच्या बाजूला, माडिया गोंडांच्या घरी ही चटणी पिढ्यान् पिढ्या खाल्ली जाते. मयूरभंजच्या चटणीला ‘सिमिलीपाल काई चटणी’ या नावानं भौगोलिक मानांकन मिळाल्याचं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं आणि शहरातल्या लोकांचंही कुतूहल वाढलं. त्याच्याबरोबर एक वाक्यही सगळीकडे फिरू लागलं: कीटक खाणं पर्यावरणाला चांगलं.

हे वाक्य अर्धवट आहे. मुंग्या खाणं टिकाऊ ठरतं ते मुंगी कीटक आहे म्हणून नव्हे. घरट्यातून नेमकं काय काढलं, कोणत्या महिन्यात काढलं आणि मागे काय ठेवलं, यावर सगळं अवलंबून आहे. नीट काढलं तर तीच वसाहत वर्षानुवर्षं देत राहते. वाईट पद्धतीनं काढलं तर एका हंगामात झाड मोकळं होतं.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं २०१३ मध्ये खाद्य कीटकांवर मोठा अहवाल काढला होता. जगभरात १९०० हून अधिक जातींचे कीटक खाल्ले जातात, अशी नोंद त्यात आहे. तेवढीच प्रथिनं तयार करायला रातकिड्यांना गुरांपेक्षा बारा पट कमी खाद्य लागतं, हा सतत सांगितला जाणारा आकडाही त्यातलाच. तो मुंग्यांच्या चटणीला चिकटवला जातो, ते मात्र चूक आहे. रातकिडे खोक्यात पाळतात, त्यांना खाद्य घालतात, म्हणून त्यांच्या खाद्याचा हिशेब मांडता येतो. जंगलातली तांबडी मुंगी शिकारी आहे. झाडावरच्या अळ्या, भुंगेरे, ढेकूण मारून ती जगते आणि जोडीला मावा-खवले किडींच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा पिते. तिला कुणी चारा घालत नाही. त्यामुळे तिच्या बाबतीत विचारायचा प्रश्न वेगळा आहे: काढणीनंतर त्या झाडांवर किती वसाहती जिवंत उरल्या?

ही मुंगी कोणती

सगळ्या तांबड्या मुंग्या या चटणीच्या नव्हेत. चटणीची मुंगी म्हणजे विणकर मुंगी, शास्त्रीय नाव ईकोफिला स्मॅरॅग्डिना. भारतापासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ती आढळते. कोकण-गोव्यात आंबा, काजू, फणसावर चढणाऱ्यांना ती चांगलीच ठाऊक आहे. मोठी कामकरी मुंगी ८ ते १० मिलिमीटर लांब, नारिंगी-तांबडी, लांब पायांची. ती झाडावर राहते, हिरव्या पानांचं घरटं करते आणि तिला नांगी नसते. चावते जबड्यानं, आणि त्याच वेळी पोटाचं टोक पुढे वळवून जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडते. आग होते ती त्या आम्लानं.

जमिनीत बीळ करून राहणाऱ्या आणि नांगी मारणाऱ्या छोट्या तांबड्या मुंग्या वेगळ्या. झाडावर तपकिरी, कागदाच्या लगद्यासारखं गोल घरटं करणाऱ्या काळ्या मुंग्याही वेगळ्या. त्या चटणीत घालायच्या नाहीत. विणकर मुंग्यांच्या आसपास हुबेहूब त्यांच्यासारखा दिसणारा एक कोळीही फिरतो. पाय मोजले की कळतं, त्याला आठ असतात.

घरटं बांधायची रीत समजून घेतली पाहिजे, कारण चटणीची गुणवत्ता तिथेच ठरते. आधी कामकरी मुंग्या एका पानाची कड पायांनी धरून दुसरी कड जबड्यानं ओढतात. अंतर जास्त असेल तर एकीच्या कमरेला दुसरी धरते, दुसरीच्या कमरेला तिसरी, अशी साखळी होते आणि ती साखळी पानं जवळ आणते. मग आतून काही मुंग्या वाढलेल्या अळ्या तोंडात धरून येतात. अळीचं डोकं एका पानाला टेकवायचं, मग दुसऱ्याला, परत पहिल्याला. अळी रेशमाचा धागा सोडत जाते आणि पानं शिवली जातात. एक घरटं साधारण दिवसभरात उभं राहतं.

इतर अनेक मुंग्यांच्या अळ्या ते रेशीम स्वतःभोवती गुंडाळून कोष करतात. विणकर मुंगीची अळी सगळं रेशीम घरट्याला देऊन टाकते, म्हणून तिची पुढची अवस्था, म्हणजे कोशित, उघडीच राहते. बाजारात ज्यांना ‘अंडी’ म्हणतात ती बहुतेक अंडी नसतात. त्या अळ्या आणि हे उघडे कोशित असतात. वर कडक कवच नसल्यामुळे ते दाताखाली मऊ लागतात आणि सोलावे लागत नाहीत.

वसाहतीचं गणित

एक वसाहत म्हणजे एक घरटं, असं समजणं हीच काढणीतली सगळ्यात महागात पडणारी चूक. मोठी वसाहत लगतच्या अनेक झाडांवर पसरलेली असते. घरटी डझनावारी, कधी शंभराच्या पुढे. कामकरी मुंग्या लाखांत. आणि या सगळ्यांत अंडी घालणारी राणी बहुधा एकच, कुठल्या तरी एका घरट्यात. ती गेली तर दुसरी राणी तयार होत नाही. कामकरी मुंग्यांच्या अफलित अंड्यांतून फक्त नर निपजतात. कामकरी मुंग्या काही महिन्यांत मरत जातात, त्यांची जागा घ्यायला नव्या येत नाहीत आणि वसाहत विझते. बाहेरून मात्र बरेच दिवस सगळं ठीक दिसतं. म्हणून राणी गेल्याचं काढणाऱ्याच्या लक्षात येतं ते पुढच्या हंगामात.

राणीचं घरटं बाहेरून खात्रीनं ओळखता येत नाही. ते बरेचदा उंचावर असतं, एवढंच सांगता येतं. म्हणून शेंड्याकडची घरटी सोडायची आणि एका झाडावरची सगळी घरटी कधीच काढायची नाहीत. काढणी वर्षानुवर्षं टिकवायची तर हे पाळावंच लागतं.

आता वेळ. वर्षाचा बराच काळ वसाहत कामकरी मुंग्याच वाढवते. उन्हाळ्यात, पावसाळ्याच्या आधी, ती पंखवाल्या राण्या आणि नर तयार करते. पहिल्या पावसानंतर ते उडून जातात. उडालेल्या राण्यांपैकी फार थोड्या जगतात. पक्षी, सरडे, इतर मुंग्या बाकीच्यांचा फडशा पाडतात. म्हणजे या पंखवाल्या पिल्लावळीचा मूळ वसाहतीच्या रोजच्या कामाला काही उपयोग नसतो, ती जाणारच असते. खाण्याच्या दृष्टीनं मात्र तीच सगळ्यात चांगली. नवी राणी पानांच्या आड स्वतःला कोंडून, काही न खाता पहिली पिल्लं वाढवणार असते. त्यासाठी लागणारी चरबी आणि प्रथिनं तिच्या अंगात आधीच भरलेली असतात. पूर्ण वाढलेली राणी २० ते २५ मिलिमीटरची. तिचा कोशितही तसाच जाड आणि लोण्यासारखा स्निग्ध. थायलंडमध्ये फेब्रुवारी ते मे या काळात मुख्यतः हेच गोळा करतात आणि बाजारात ते कोंबडीच्या मांसापेक्षा महाग जातं. तिथल्या एका अभ्यासात, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, असं दिसलं की राण्यांची पिल्लावळ काढून घेतल्यावर झाडावरच्या कामकरी मुंग्यांची संख्या घटली नाही.

आपल्याकडची चटणी थोडी वेगळी आहे. आंबटपणा हवा असतो आणि तो फॉर्मिक आम्लाचा, म्हणजे कामकरी मुंग्यांचा. त्यामुळे बस्तर-मयूरभंजात मुंग्या आणि पिल्लावळ दोन्ही घेतात. लाखांच्या वसाहतीतून काही हजार कामकरी गेल्या तर ती भरून काढते. नवी कामकरी तयार व्हायला साधारण महिना पुरतो. पण फांदीसकट घरटी तोडून, एकामागून एक झाड रिकामं करत गेलं तर भरून निघत नाही. मागणी वाढून घाई झाली की नेमकं तेच होतं. आणि नवी वसाहत पंखवाल्या राण्या देण्याइतकी मोठी व्हायला दोनेक वर्षं जातात.

काढणी

सकाळी लवकर जावं. ऊन चढलं की मुंग्या जास्त चपळ आणि जास्त आक्रमक होतात. अंगभर कपडे, पँटचे पाय मोज्यांत खोचलेले, डोक्याला फडकं. चावे बरे होतात, पण फॉर्मिक आम्लाचा फवारा डोळ्यात गेला तर ते गंभीर आहे. साधा चष्मा लावला तरी पुष्कळ वाचतं. गेलंच तर चोळू नये, स्वच्छ पाण्यानं दहा-पंधरा मिनिटं डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा.

घरटं निवडताना मोठं, पिल्लावळीच्या वजनानं खाली झुकलेलं घ्यावं. छोटं, ताज्या हिरव्या पानांचं घरटं बहुधा नुकतंच बांधलेलं असतं. त्यात हाती काही लागत नाही आणि मुंग्यांची मेहनत फुकट जाते. झाडावर सहा घरटी दिसली तर दोन घ्यावीत आणि त्या झाडाला त्या हंगामात पुन्हा हात लावू नये.

थाई लोकांची पद्धत मला सगळ्यात शहाणी वाटते. कोकणातल्या आंबे काढायच्या झेल्यासारखा लांब बांबू असतो, त्याच्या टोकाच्या जरा खाली टोपली किंवा कापडी पिशवी बांधलेली. बांबूचं टोक घरट्यात खालच्या बाजूनं खुपसायचं आणि हलवायचं. जड पिल्लावळ भोकातून थेट टोपलीत पडते, पानं झाडावरच राहतात. फाटलेलं घरटं मुंग्या दुरुस्त करतात किंवा शेजारी नवं बांधतात. फांदी तोडली तर ही सोय राहत नाही, शिवाय झाडाचं नुकसान होतं ते वेगळं.

टोपलीत पिल्लावळीबरोबर चिडलेल्या कामकरी मुंग्याही येतात. त्यांना वेगळं करायला तांदळाचं किंवा साबुकंदाचं पीठ वापरतात. दोन-तीन मुठी पीठ भुरभुरलं की मुंग्यांच्या पायांची पकड सुटते आणि त्यांना पिल्लं उचलून पळता येत नाही. मग सगळं पसरट परातीत ओतून कडेला डहाळ्या टेकवायच्या. मुंग्या डहाळ्यांवर चढतात. त्या डहाळ्या त्याच झाडाच्या बुंध्याशी झटकायच्या. दुसऱ्या झाडाशी झटकल्या आणि तिथे दुसरी वसाहत असली तर त्या मारल्या जातात.

भारतात जास्त चालणारी रीत म्हणजे घरटं बादलीभर पाण्यात बुडवणं. मुंग्या बुडतात, पानं आणि कचरा वर येतो, हातानं वेगळा करता येतो. हे झटपट होतं, पण मुंग्या परत सोडता येत नाहीत. म्हणून ही रीत वापरायची तर घरटी कमीच घ्यावीत.

बिघडतं ते बहुतेक वाहतुकीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून नेलं की मुंग्या आत सतत आम्ल सोडतात, हवा खेळत नाही, आणि त्या स्वतःच्याच आम्लानं गुदमरून मरतात. पिल्लावळ भाजल्यासारखी काळपट आणि चिकट होते. कापडी पिशवी किंवा पानं लावलेली टोपली हवी, सावलीत ठेवलेली, आणि त्याच दिवशी साफसफाई. पाण्यातून काढलेला माल लगेच चाळणीत निथळावा. तसाच भिजत राहिला तर पिल्लं फुटतात आणि वास येतो.

चटणी

साफ केलेल्या मुंग्या आणि पिल्लावळ मिळून एक वाटी घेतली तर पाच-सहा मिरच्या, सात-आठ लसणीच्या पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर आणि मीठ. टोमॅटो घालणारेही आहेत, पण एकापेक्षा जास्त नको, नाहीतर मुंग्यांचा आंबटपणा दबतो. आधी मीठ, मिरची, लसूण, आलं पाट्यावर वाटून घ्यावं, मग मुंग्या घालून जाडसर वाटावं. मिक्सरमध्ये पार गंधासारखं केलं तर पिल्लावळीतली चरबी सुटून चटणी चिकट होते. पाटा, दगडी खल किंवा काच चांगली. ॲल्युमिनियमच्या भांड्यात आंबट चटणी ठेवू नये.

परंपरेनं ती कच्चीच वाटतात. त्याला कारण आहे: फॉर्मिक आम्ल उडून जाणारं आहे, फार वेळ शिजवलं तर आंबटपणा वाफेबरोबर कमी होत जातो. पण कच्च्या कीटकांवर जिवाणू असतात हेही तितकंच खरं. पहिल्यांदा खाणाऱ्यानं, गरोदर बाईनं, लहान मुलांनी आणि आजारातून उठलेल्यांनी कच्ची खाऊ नये. त्यांच्यासाठी मुंग्या कोरड्या तव्यावर चटचट आवाज येईस्तोवर दोन-तीन मिनिटं परताव्यात, मग वाटाव्यात. आंबटपणा कमी पडला तर लिंबू पिळावं. कच्ची चटणी त्याच दिवशी संपवावी. टिकवायचं असेल तर मुंग्या मीठ लावून कडक उन्हात खडखडीत वाळवून, भाजून, पूड करून ठेवतात.

ज्यांना कोळंबी किंवा खेकड्यानं अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, त्यांनी मुंग्यांच्या वाटेला जाऊ नये. कोळंबी आणि कीटक या दोघांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं जवळपास सारखं प्रथिन असतं आणि ॲलर्जी बरेचदा त्याचीच असते. परतल्यानं ती जात नाही.

दुसरा धोका फवारणीचा. कोकणातल्या आंबा-काजूच्या बागेत मोहोरापासून फळ धरेपर्यंत कीटकनाशकांच्या अनेक फवारण्या होतात. तिथल्या मुंग्या फवारलेले किडे खातात आणि फवारलेल्या पानांत राहतात. अशा बागेतल्या मुंग्या, कितीही दिसल्या तरी, खायच्या नाहीत. चटणीसाठी फवारणीपासून लांबचं जंगल किंवा कधीच न फवारलेलं परसातलं झाडच हवं.

औषध म्हणून जे सांगितलं जातं त्याबद्दल. ताप, सर्दी, अंगदुखीवर ही चटणी देण्याची परंपरा मध्य भारतात सगळीकडे आहे आणि ती मानानंच ऐकावी. मात्र तापावर ती लागू पडते असं म्हणायला माणसांवरच्या चाचण्यांचा आधार नाही. कोविडवर उपाय म्हणून ती देशभर वापरावी, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. न्यायालयानं ती सप्टेंबर २०२१ मध्ये फेटाळली. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या भागात ताप आला तर आधी रक्त तपासायचं. प्रथिनं, चरबी आणि खनिजं देणारं, उन्हाळ्यात भाजीपाला आटलेला असताना हाताशी येणारं अन्न, एवढी या चटणीची योग्यता पुरेशी आहे.

बागेत ठेवायची की मारायची

या मुंगीची किंमत चटणीपेक्षा झाडावर जास्त आहे. दक्षिण चीनमध्ये इसवी सन ३०४ च्या सुमाराच्या एका ग्रंथात नोंद आहे की लिंबूवर्गीय फळांच्या बागांसाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकली जात. पुढच्या काळात झाडाझाडांमध्ये बांबूचे पूल बांधून मुंग्यांना वाट करून देत. किडींविरुद्ध कीटक वापरल्याची ही सगळ्यात जुनी लेखी नोंद मानतात. ऑस्ट्रेलियात काजू आणि आंब्याच्या बागांत याच मुंग्यांवर बराच अभ्यास झाला आहे. काजूची कोवळी पालवी आणि मोहोर जाळणारा ढेकण्या या मुंग्यांपुढे टिकत नाही.

तोटेही आहेत. गोड चिकट्यासाठी त्या पिठ्या ढेकूण आणि खवले किडींची राखण करतात, त्यामुळे त्या किडी वाढू शकतात. फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांना हुसकावतात. फळं काढणाऱ्यांना चावतात, आणि मजूर मिळणं मुश्किल असताना हे कारण लहान नाही. ज्यांना ठेवायच्या आहेत त्यांनी एका वसाहतीच्या झाडांना दोरीनं जोडावं, शेजारच्या वेगळ्या वसाहतीला टेकणाऱ्या फांद्या छाटाव्यात, नाहीतर सीमेवर कायम लढाई चालते. थायलंड-लाओसमध्ये पाळणारे शेतकरी झाडाला साखरपाण्याच्या बाटल्या आणि सुक्या मासळीचे तुकडे बांधतात. गोड मिळालं की चिकट्यासाठी खवले किडी सांभाळायची गरजही कमी होते.

कायद्याचं थोडक्यात. विणकर मुंगी संरक्षित जातींच्या यादीत नाही, पण अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय कुठलाही वन्य जीव किंवा वनोपज बाहेर काढणं गुन्हा आहे. ‘पारंपरिक अन्न’ म्हणून घोरपडीसारख्या प्राण्यांचं नाव याच दमात घेतलं जातं; घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि तिची शिकार म्हणजे तुरुंग. मुंग्यांचा हिशेब तिला लागू होत नाही. वसाहतीतून जाणारच असलेली पिल्लावळ उचलणं आणि हळू वाढणारा प्राणी मारणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बाजारातून विकत घेताना दोना जवळून पाहावा. पिल्लावळ दुधट पांढरी, भरीव आणि कोरडी हवी. पिवळट, चपटी किंवा ओली-चिकट असेल तर कालची आहे. वास लिंबासारखा तिखट यायला हवा, कुजका नाही. मे महिन्यात ढिगात बोटाच्या पेराएवढे लांब, जाडसर पांढरे कोशित दिसले तर ती राण्यांची पिल्लावळ, दोन पैसे जास्त देऊन घ्यावी. आणि विकणाऱ्या बाईला विचारावं की घरटं झाडावर ठेवून काढलं की फांदी तोडून.